धुळ्यात जुन्या गाडीचं कार्बोरेटर गळत असेल तर आबांकडे न्या

साक्री रोडला आतल्या गल्लीत एक गॅरेज आहे, पाटी नाही काही नाही, पत्र्याचं शेड आणि बाहेर चार-पाच जुन्या गाड्या उभ्या, त्यात एखादी बुलेट नाहीतर आरएक्स 100 असतेच. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीपण तेच म्हणतो. हा रिव्ह्यू फक्त त्यांच्या कार्बोरेटरच्या (इंजिनला पेट्रोल न् हवा मिसळून देणारा भाग) कामाचा आहे, बाकी ब्रेक शू न् चेन स्प्रॉकेट कोणीपण टाकून देतं, त्यासाठी एवढ्या आत जायची गरज नाही.

गाडी वडिलांची, स्प्लेंडर, 2001 ची, एमएच 18 पासिंग. 15 वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू केली, ती 5 वर्षांसाठी मिळते मग परत आरटीओ, म्हणजे विकायची नाही हे घरात ठरलेलंच आहे. त्रास असा होता की रात्री उभी केली की सकाळी खाली पेट्रोलचा डाग आणि ओट्यापर्यंत वास, आईची कटकट वेगळीच. चालू केली की काळा धूर, प्लग काजळीने काळाकुट्ट, सिग्नलला थांबली की बंद पडायची आणि मग चार किका मारल्याशिवाय नाव नाही. अ‍ॅव्हरेजचं तर विचारूच नका.

आधी एका दुसऱ्या गॅरेजला दाखवली होती, नाव लिहीत नाही, भांडण नको. त्यांनी गाडीकडे नीट बघितलं पण नाही, "ओव्हर होतंय, नीडल गेली" (म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या चेंबरमध्ये पेट्रोल जास्त भरून बाहेर येतंय, आणि चेंबर भरलं की पेट्रोल बंद करणारी सुई खराब) म्हणून नवी नीडल टाकली आणि चेंबरच्या पॅकिंगला चहूबाजूने लाल पेस्ट लावून दिली. दोन-चार दिवस बरं चाललं मग परत तेच, उलट आता गाडी मिसिंग पण करायला लागली, मध्येच झटके द्यायची. परत नेली तर म्हणे जुनं कार्बोरेटर संपलं भाऊ, नवं टाका. नवं म्हणजे कंपनीचं नव्हे, बाजारातलं डुप्लिकेट. तेव्हा मित्राने आबांचं नाव सांगितलं.

आबांची पद्धत मला इथेच पटली. मी सांगायला लागलो की नीडल बदलली, पॅकिंग बदललं, हे झालं ते झालं, तर हात वर करून अहिराणीत म्हणाले, "पेट्रोल कोठेन गळी ऱ्हायनं ते पहिले देखू, मंग पार्टनं बोलू." आणि खरंच पंधरा-वीस मिनिटं एक स्क्रू पण खोलला नाही. कार्बोरेटर बाहेरून कपड्याने कोरडं पुसलं, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू केला आणि बसले बघत. मला वाटलं हे काय चाललंय, पण ते सांगत होते ते ऐकण्यासारखं होतं. चेंबरच्या जोडावर ओल आली तर पॅकिंग, वरती नळी लागते तिथे ओल आली तर नळी नाहीतर क्लिप, आणि खालच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब आला तर मामला आतला. पण आतला म्हणजे नीडलच असं नाही, कारण या कार्बोरेटरला ओव्हरफ्लोचं आणि ड्रेन स्क्रूचं (चेंबर रिकामं करायचा स्क्रू) पेट्रोल एकाच नळीतून बाहेर येतं. मग ओळखायचं कसं? कॉक बंद करा. ओव्हर होत असेल तर चेंबरमधली पातळी जरा उतरली की थेंब थांबतो. ड्रेन स्क्रूचं सीट, म्हणजे तो घट्ट बसतो ती जागा, गेलं असेल तर थांबत नाही, सगळं चेंबर रिकामं होईपर्यंत टिपटिप चालूच. एवढी साधी गोष्ट आहे पण मला आजपर्यंत कोणी सांगितली नव्हती.

नंतर त्यांनी खालच्या नळीला एक पारदर्शक पाइप लावला, सलाइनच्या नळीसारखा, तो वाकवून कार्बोरेटरच्या बाजूला उभा धरला आणि ड्रेन स्क्रू थोडा सैल केला. पाइपमध्ये पेट्रोल चढतं ते बरोबर चेंबरमध्ये जेवढं आहे तेवढ्याच उंचीवर. ते जोडाच्या खाली कुठेतरी थांबायला पाहिजे. आमचं जोड ओलांडून हळूहळू वरच चढत होतं. आता बोला.

खोलल्यावर काय निघालं ते सांगतो. आधीच्या मिस्त्रीने लावलेली लाल पेस्ट पेट्रोलमध्ये फुगून तिचे तुकडे सुटले होते आणि त्यातला एक बारीक तुकडा पायलट जेटच्या (आयडलिंगचं पेट्रोल जातं ते बारीक भोक) तोंडाशी, मिसिंगचं कारण तेच. नीडल नवीच होती, पण तिच्या रबरी टोकावर गोल खाच पडलेली, नखाला लागत होती. आबा म्हणाले नीडल वाईट नाही, ती ज्या सीटवर बसते ते सीट खराब आहे, गंजाचे कण बसलेत, त्यावर नवी नीडल टाकली की तीपण तशीच कापली जाणार. मग कान कोरायच्या कापसाच्या काडीला थोडं मेटल पॉलिश लावून सीट आतून फिरवून फिरवून साफ केलं, दाबून नाही, अगदी हलक्या हाताने, पॉलिश पूर्ण धुवून काढलं आणि टॉर्च लावून मला दाखवलं, पितळ चमकत होतं. फ्लोट (पेट्रोलवर तरंगून नीडल वर ढकलतो तो) काढून कानाशी हलवून बघितला, आत पेट्रोल शिरलं असेल तर खळखळ ऐकू येते आणि जड फ्लोट वर तरंगत नाही म्हणून नीडल बंदच होत नाही. आमचा ठीक होता. जेट त्यांनी तारेने अजिबात टोचले नाहीत, हाताखालचा पोरगा तार घेऊन आला तर त्यालाच झापलं, भोक मोठं झालं की जेटचा नंबरच बदलतो ना. क्लीनर स्प्रे आणि कंप्रेसरची हवा, बस. स्प्रे मारायच्या आधी सगळे रबरी पार्ट बाजूला.

जोडल्यावरची टेस्ट तर भारी आहे. कार्बोरेटर गाडीला लावायच्या आधी पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून तोंडाने फुंकायचं. सरळ धरलं की हवा आत जाते, उलटं केलं की फ्लोट आपल्या वजनाने नीडल दाबतो आणि हवा बंद व्हायला पाहिजे, एकदम बंद. मला फुंकायला लावलं. गाल दुखले पण हवा गेली नाही.

आता मूळ दुखणं कार्बोरेटरचं नव्हतंच, टाकीचं होतं. गंज टाकीतला, तो खाली उतरून सीटवर बसतो. त्यामुळे टाकी उतरवून धुतली, कॉकची जाळी फाटलेली होती ती बदलली. मी म्हटलं मध्ये एक बारीक फिल्टर टाका, तर म्हणाले टाकतो पण या गाडीला पंप नाही, पेट्रोल नुसतं उतारावर येतं, फार बारीक जाळीचा फिल्टर टाकला तर टाकी अर्धी झाल्यावर हायवेला गाडी उपाशी राहील. मोठ्या जाळीचा टाकला.

आणखी एक गोष्ट, जी मी तरी कधी बघितली नसती. निघायच्या आधी इंजिन ऑइलची पट्टी काढून मला वास घ्यायला लावला. पेट्रोलचा वास आणि पातळी खुणेच्या वर, ऑइल पाण्यासारखं पातळ. ओव्हर झालेलं पेट्रोल सगळं नळीतूनच बाहेर जातं असं नाही, काही इंजिनमध्ये उतरतं, तिथून रिंगांमधून खाली ऑइलमध्ये. असल्या ऑइलवर गाडी पळवली तर पिस्टन आणि बेअरिंगची वाट लागते. म्हणून ऑइल पण बदललं. तुमची गाडी बरेच दिवस ओव्हर होत असेल तर नुसतं कार्बोरेटर करून घेऊन खुश होऊ नका, पट्टी काढून बघा. आणि ते होईपर्यंत गाडी उभी केली की कॉक बंद करत जा, आपल्याकडे कोणाला सवयच नाही, कॉक फक्त रिझर्व्हला लावायसाठी असतो असं वाटतं लोकांना.

ई-20 पेट्रोलचं पण विचारलं, सध्या सगळीकडे तीच चर्चा असते. 2001 च्या गाडीचे रबरी पार्ट 20 टक्के इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत, इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी टाकीच्या तळाला बसलं की गंज. आबांचं म्हणणं पंपावर काय मिळतं ते काही आपल्या हातात नाही, नीडल आणि ओ-रिंग चांगल्या रबराचे टाका, व्हिटॉनचे मिळतात, आणि गाडी महिना महिना उभी ठेवू नका. ठेवायचीच असेल तर चेंबर ड्रेन करून ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन कसं असतं ते सांगायला नको, चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे पिवळा चिकटा राहतो, तोच जेटमध्ये बसतो.

पैसे विचाराल तर पार्ट, मजुरी, ऑइल, टाकी धुणं सगळं मिळून डुप्लिकेट कार्बोरेटरपेक्षा थोडंच जास्त गेलं. कार्बोरेटरचं एकट्याचं काम असतं तर निम्म्यात झालं असतं. जुने पार्ट कागदात बांधून हातात देतात, ते मला आवडलं. नवं कार्बोरेटर टाकू का म्हटल्यावर हसले, "हाईच चांगलं शे, नवं काय करशी?" दुसरा कोणी असता तर तिथेच विकलं असतं.

आता तक्रारी. वेळेचं काही खरं नाही. संध्याकाळी या म्हणतात आणि संध्याकाळी गेलो तर गाडी तशीच उघडी, आबा कोणाच्या तरी बुलेटचं मिककार्ब कार्बोरेटर हातात घेऊन गप्पा मारतायत. फोन उचलत नाहीत. बिल नाही, मागितलं तर सिगारेटच्या पाकिटावर लिहून देतात (गॅरेजमध्ये सिगारेट-बिडी कोणाला ओढू देत नाहीत मात्र, वाळूची बादली पण ठेवलीय, ते बरं वाटलं). बसायला एक बाकडं, त्यावर पण टायर. दुपारी उन्हाळ्यात शटर खाली. आणि टाकीतलं जुनं पेट्रोल उघड्या डब्यात ठेवतात, ते मला नाही आवडलं, तोंडावर सांगितलं पण.

नव्या गाड्या ते हातात घेत नाहीत, सरळ सांगतात आपल्याला स्कॅनर जमत नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 प्रदूषण नियम आले आणि बहुतेक नव्या बाइकला कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं, त्यामुळे आता जी पोरं गॅरेज टाकतात त्यांना कार्बोरेटर शिकायची गरजच पडत नाही, त्यांची पण चूक नाही. पण मग आपल्यासारख्यांच्या जुन्या गाड्यांना "नवं टाका" हेच उत्तर मिळतं. आबांकडे एक पोरगा शिकतोय, तारवाला तोच, हात चांगला आहे त्याचा, फक्त घाई फार.

गाडी आता एका किकमध्ये, आयडलिंग स्थिर, पीयूसी पहिल्या फटक्यात पास, अ‍ॅव्हरेज साठच्या आसपास आलं परत. खाली डाग नाही. पाचपैकी चार स्टार देईन, एक वेळेचा कापला.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, पाच-सहा गाड्या झाल्या की नवीन घेत नाहीत. टाकी भरून नेऊ नका, उतरवावी लागली तर पेट्रोल ठेवायला जागा नाही. आधी कोणी काही पार्ट बदलले असतील तर ते जुने पार्ट असतील तर सोबत न्या, ते बघूनच त्यांना निम्मं कळतं. पैसे रोख ठेवा, क्यूआर कोड भिंतीला लावलाय पण तो त्यांच्या पोराचा आहे आणि पोरगा पुण्याला असतो, पैसे आले का विचारायला त्याला फोन लावतात आणि मग अर्धा तास तुम्ही तिथेच.