रोख रक्कम, दारात येणारा माणूस की रजा? वृद्धांच्या सांभाळाच्या धोरणांची तुलना

वृद्धांच्या दीर्घकालीन सांभाळाचं धोरण ठरवायला चार जण बसले की पाच मिनिटांत बोलणं खर्चावर येतं. खर्च महत्त्वाचा आहेच. पण योजना कुठलीही आली तरी अंघोळ घालणं, कूस बदलणं, रात्रीतून तीनदा उठणं हे बहुतेक घरांत घरचंच माणूस करत राहतं, आणि ते माणूस बहुधा बाई असते. म्हणून प्रत्येक पर्यायाला मी दोन प्रश्न विचारतो. ही योजना आल्यावर तिला ‘मला हे जमणार नाही’ असं म्हणता येईल का? आणि तिने नोकरी सोडली तर तिच्या म्हातारपणाचं काय?

हातात पैसे की घरी सेवा

खरा वाद इथे आहे. जर्मनीने १९९५ पासून सांभाळासाठी सक्तीचा विमा सुरू केला आणि लाभार्थ्यालाच निवड दिली: रोख भत्ता घ्या, प्रशिक्षित माणसांची सेवा घ्या, किंवा दोन्ही थोडं थोडं. रोख रक्कम मुद्दाम कमी ठेवली आहे. २०२५ च्या दरांनी गरजेच्या पाचपैकी तिसऱ्या श्रेणीतल्या व्यक्तीला रोख घेतली तर महिन्याला ५९९ युरो मिळतात, सेवा घेतली तर १४९७ युरोंपर्यंतची मिळते. तरीही फार मोठा वर्ग रोखच घेतो. परकं माणूस न्हाणीघरात नको वाटतं, आणि आपल्या हातातला पैसा आपल्या मर्जीने वापरता येतो.

जपानने २००० मध्ये आपला विमा सुरू करताना नेमकी उलटी वाट धरली: रोख भत्ता नाही, फक्त सेवा. कायदा तयार होत असताना तिथल्या स्त्रियांच्या संघटनांनीच रोख रकमेला विरोध केला होता. पैसे घरात आले की सुनेवरचं ओझं हलकं होणार नाही, उलट ‘आता तर तुला पैसेही मिळतात’ असं म्हणून ते पक्कं होईल, हा त्यांचा मुद्दा. मला तो आजही बिनतोड वाटतो. तिथे गरजेच्या सात पातळ्या आहेत, काळजी-नियोजक आठवड्याचं वेळापत्रक आखून देतो, आणि खर्चाचा दहा टक्के भाग लाभार्थी भरतो. उत्पन्न जास्त असेल तर वीस किंवा तीस टक्के.

मग जपान जिंकला म्हणायचं? नाही. सेवा द्यायला माणसं लागतात, आणि ती तिथे कमी पडतात. शिवाय आई-वडिलांसाठी नोकरी सोडणाऱ्यांची संख्या तिथे आजही वर्षाला लाखाच्या आसपास आहे. दिवसा दोन तास मदतनीस आली तरी उरलेले बावीस तास कोणाचे, हा प्रश्न राहतोच.

जर्मनीच्या योजनेत एक कलम आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. आठवड्यातून किमान दहा तास, किमान दोन दिवसांत विभागून, दुसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीतल्या माणसाला सांभाळणाऱ्या व्यक्तीची पेन्शनची वर्गणी विमानिधी भरतो. अट अशी की तिची नोकरी आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त नसावी. भत्ता आज खर्चून जातो, वर्गणी वीस वर्षांनी कामाला येते. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देणारी तरतूद क्वचितच दिसते.

रोख कशी देऊ नये, हे पाहायचं तर इंग्लंडकडे पाहा. तिथल्या सांभाळ-भत्त्यासाठी आठवड्याला ३५ तास द्यावे लागतात. २०२५ च्या एप्रिलपासूनचा दर आठवड्याला ८३.३० पौंड, म्हणजे तासाला अडीच पौंडही पडत नाहीत. आणि नोकरीतली कमाई ठरलेल्या मर्यादेच्या एक पौंडही वर गेली की त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो. १९७६ मध्ये हा भत्ता सुरू झाला तेव्हा विवाहित स्त्रियांना तो मिळतच नसे. त्या तशाही घरीच असतात, हा हिशेब. युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर १९८६ मध्ये ते बदललं.

ऑस्ट्रियाचा रोख भत्ता १९९३ पासून आहे, त्याच्या खर्चाचा हिशेब मागितला जात नाही. त्यातून शेजारच्या देशांतल्या बायका घरांत राहून काम करू लागल्या, कागदोपत्री कुठेच नसलेल्या. सरकारने ते २००७ मध्ये कायदेशीर केलं. बिनशर्त रोख दिली की घरातल्या बाईचं काम कधीकधी दुसऱ्या, जास्त गरजू बाईकडे सरकतं.

पैसा कुठून

इथे मला फारसा संभ्रम नाही: विमा सक्तीचा असावा, नाहीतर सरळ करातून खर्च करावा. ऐच्छिक विम्याचं काय होतं ते अमेरिकेने दाखवलं आहे. २०१० मध्ये तिथे ऐच्छिक सरकारी विम्याचा कायदा झाला, २०११ मध्ये तो आर्थिकदृष्ट्या टिकणार नाही म्हणून बाजूला ठेवला गेला आणि २०१३ च्या सुरुवातीला रद्दच झाला. ज्यांना गरज पडणार याची खात्री असते तेच आधी येतात, मग हप्ता वाढतो, मग धडधाकट माणसं आणखी लांब राहतात. त्यामुळे तिथे अजूनही बहुतेकांना बचत जवळजवळ संपवूनच गरिबांच्या योजनेचं दार ठोठवावं लागतं.

इंग्लंडने आयुष्यभराच्या खर्चावर ८६,००० पौंडांची मर्यादा घालायचं ठरवलं, पुढे ढकललं, आणि २०२४ मध्ये सोडून दिलं. स्कॉटलंडने मात्र २००२ पासून ६५ वर्षांवरच्यांची शारीरिक काळजी मोफत केली. स्वीडन-डेन्मार्कमध्ये पालिका करातून सेवा देतात. माझ्या मते सर्वांत मोकळा श्वास तिथल्या मुलींना मिळतो, पण एवढा कर भरायची तयारी आणि पालिकांची तेवढी ताकद हवी. सक्तीच्या विम्याबद्दल एकच सावधगिरी: जर्मन विमा ठरावीक रक्कमच देतो. सुश्रूषागृहाचं उरलेलं बिल कुटुंबाच्या गळ्यात पडतं आणि ते वाढतच चाललं आहे.

रजा

रजेचं कौतुक जरा जास्तच होतं. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने बारा आठवडे, तीही बिनपगारी, आणि पन्नासहून कमी कामगारांच्या खासगी कंपन्या वगळून. जपानमध्ये ९३ दिवस, तीन टप्प्यांत, पगाराच्या ६७ टक्के. ९३ दिवसांत स्मृतिभ्रंश संपत नाही, हे जपान्यांनाही ठाऊक आहे. ती रजा स्वतः सांभाळण्यासाठी नसून सांभाळाची व्यवस्था लावण्यासाठी आहे. तशी ती चांगली आहे. सेवाच उपलब्ध नसतील, तर त्या दिवसांत व्यवस्था कसली लावणार?

म्हणून ठरवणाऱ्याला माझा सल्ला असा. प्रशिक्षित माणसं उभी करता येत असतील तर सेवा आधी, आणि त्यात सांभाळणाऱ्या व्यक्तीला सुट्टी मिळावी म्हणून रुग्णाला काही दिवस दुसरीकडे ठेवायची सोय हवीच. माणसं मिळणारच नसतील तर रोख द्या, पण पेन्शनच्या वर्गणीसकट, आणि कमाई वाढल्यावर भत्ता हळूहळू कमी होईल अशा पद्धतीने. दोन्ही परवडत असेल तर जर्मनीसारखी निवड द्या. फक्त रजा देऊन थांबणारा मसुदा मी परत पाठवीन.

मसुद्यात आणखी एक जागा तपासा: गरज मोजणार कोण आणि कशी? जर्मनीत आधी शारीरिक मदतीची मिनिटं मोजली जात. त्यामुळे हातीपायी धड पण स्मृतिभ्रंश झालेला माणूस खालच्या पातळीत अडकायचा, त्याच्यामागे घरातलं कोणी दिवसभर धावत असलं तरी. २०१७ पासून माणूस स्वतःहून काय काय करू शकतो ते पाहतात. त्यातही एक फट उरते: तपासनीस आला की म्हातारं माणूस ताठ बसतं, ‘मी सगळं करतो माझं मी’ असं ठणकावून सांगतं, आणि श्रेणी एकाने खाली येते. सांभाळणाऱ्या व्यक्तीशी वेगळ्या खोलीत दहा मिनिटं बोलणं नियमातच लिहून घ्या.