कोर्टाजवळचं भाषांतर-अटेस्टेशन कार्यालय: परदेशातल्या खुनाच्या फाइलसाठी कितपत उपयोगी?

नाशिकला सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक), जिल्हा न्यायालयापासून हाकेच्या अंतरावरचं हे कार्यालय. व्हिसाचे कागद, डिग्रीचं अटेस्टेशन, खरेदीखताचं भाषांतर ही त्यांची रोजची कामं. इथे परीक्षण एकाच कामाचं आहे: घरातल्या माणसाचा परदेशात खून झाला, संशयित भारतीय आहे आणि तो भारतात परतलाय, म्हणून खटला इकडे चालवायचा आहे. अशा फाइलसाठी शिक्क्यांची तपासणी उत्तम, इंग्रजी-मराठी भाषांतर चांगलं, अरबी कामचलाऊ. सल्ला मात्र अपुरा, आणि नेमका तोच महागात पडू शकतो.

सल्ल्यापासूनच सुरुवात करू. भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या गुन्ह्याचा खटला इथे चालतो तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 208 खाली. पूर्वी हेच सीआरपीसीचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम 188 होतं. आरोपी जिथे सापडेल तिथे किंवा गुन्हा जिथे नोंदवला असेल तिथे कारवाई होऊ शकते, असं नव्या कलमात स्पष्ट आहे. त्यामुळे ‘आमच्या हद्दीत घडलं नाही’ असं उत्तर ठाण्यात मिळालं, तर हे कलम दाखवा. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर खुनाचं कलम भादंविचं 302, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं 103. भारतात नोंदलेल्या विमान-जहाजांचा मुद्दा सोडला तर सगळं एका गोष्टीवर अडतं: आरोपी घटनेच्या वेळी भारतीय नागरिक होता का? कुवेतमध्ये घडलेल्या एका प्रकरणात आरोपी मॉरिशसची नागरिक निघाली आणि 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावरची कारवाई रद्द केली. म्हणजे फाइलमध्ये सगळ्यात वर हवी ती आरोपीच्या पासपोर्टची प्रत, निदान पासपोर्ट क्रमांक. या कार्यालयाची छापील यादी सुरू होते मृत्यूच्या दाखल्यापासून आणि त्यात पासपोर्टचा उल्लेखच नाही. ही मोठी चूक आहे.

दुसरी उणीव अशा खटल्याला लागणाऱ्या केंद्र सरकारच्या मंजुरीबद्दलची. काउंटरवर सांगतात की मंजुरी आल्याशिवाय काहीच होत नाही. हे बरोबर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानुसार तपासाला आणि कोर्टाने दखल घेईपर्यंत मंजुरी लागत नाही. त्यापुढे खटला मात्र मंजुरीशिवाय सरकत नाही. मंजुरीची वाट बघत फिर्यादच लांबवली, तर साक्षीदार पांगतात, सीसीटीव्हीचं फुटेज पुसलं जातं.

आता कौतुकाची गोष्ट. परदेशी कागदावरचे शिक्के इथे खरोखर नीट वाचतात. ओमान, बहारीन आणि 2022 च्या डिसेंबरपासून सौदी हे देश अपोस्टील (हेग करारातल्या देशांत चालणारा सरकारी प्रमाणीकरणाचा शिक्का) देतात, तेवढ्यावर काम भागतं. युएई, कुवेत, कतारच्या कागदाला आधी तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग तिथल्या भारतीय दूतावासाचा शिक्का लागतो. क्रम चुकलेला किंवा झेरॉक्सवर मारलेला शिक्का इथे पहिल्या नजरेत पकडतात आणि ‘आधी हे तिकडून दुरुस्त करून आणा’ असं सांगून भाषांतराचं काम थांबवतात. स्वतःचं बिल थांबवून असं सांगणारे कमीच.

शवविच्छेदन अहवालाचं भाषांतर ही खरी परीक्षा. बोथट वस्तूने कातडी फाटते ती फाटलेली जखम, धारदार शस्त्राने होते ती कापलेली, कातडी न फुटता रक्त साकळतं तो मुका मार. भाषांतरात सगळीकडे ‘वार’ किंवा ‘कापलेली जखम’ पडलं, की कागदावर रॉडचा कोयता होतो. मग जप्त मुद्देमाल आणि अहवाल जुळत नाहीत, आणि बचावाचा वकील उलटतपासणीत त्याच ओळीवर बोट ठेवतो. इंग्रजी अहवालात हे शब्द इथे बरोबर आले, मोजमापं सेंटिमीटरमध्ये जशीच्या तशी राहिली. अरबीचं काम मात्र बाहेर पाठवतात, तिथून इंग्रजी येतं आणि त्या इंग्रजीवरून मराठी होतं. अरबीत प नाही, म्हणून पाटीलचं बातील होऊन परत येतं. नावांची यादी पासपोर्टच्या स्पेलिंगसह आधीच द्या, आणि अरबी जाणणाऱ्याच्या सहीचं प्रतिज्ञापत्र मागा. मधल्या माणसाचं चालवून घेऊ नका. वेळा बदलू देऊ नका: कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, युएई दीड तास. मूळ वेळ तशीच ठेवून कंसात भारतीय वेळ लिहून घ्यावी.

व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओची सीडी करून देतात, ती घेऊ नका. पाठवताना फाइल दाबली जाते, त्यामुळे मूळ फाइलशी हॅश (फाइलची ओळख पटवणारा आकडे-अक्षरांचा संकेत) जुळत नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो, शिवाय भाग ‘ब’वर तज्ज्ञाची सही लागते. मूळ फोन जपून ठेवायला सांगणं हाच योग्य सल्ला, आणि तो इथे मिळत नाही.

बिलाबाबत: दर पानावर आहे, पण पान म्हणजे त्यांनी टाइप केलेलं, दोन ओळींत भरपूर अंतर सोडलेलं. शब्दांवर दर ठरवून घ्या. परदेशी पोलिसांची सगळी फाइल भाषांतराला टाकण्याचीही गरज नाही. कुटुंबाने मिळवलेल्या प्रती फिर्याद नोंदवायला, तपासाला दिशा द्यायला पुरतात. पुराव्याचे कागद पोलिसांनी कोर्टाकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 112 चं विनंतीपत्र काढून, केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत मागवायचे असतात. तिकडच्या न्यायाधीशासमोर किंवा आपल्या दूतावासात झालेल्या जबानीसाठी त्याच संहितेचं कलम 209 आहे. म्हणून आत्ता फक्त मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, तिकडच्या पोलिसांचा प्राथमिक अहवाल आणि पासपोर्ट एवढंच द्या. सत्र न्यायालयासाठी मराठी आणि पुढे हायकोर्टासाठी इंग्रजी, दोन्ही एकदमच करून घेतलेलं बरं.

मूळ कागद कार्यालयात ठेवून येऊ नका. शिक्के दाखवायला मूळ प्रत समोर धरा, भाषांतराला रंगीत स्कॅन द्या, आणि सहीच्या दिवशी प्रत्येक पानाचा क्रमांक मुळाशी ताडून मगच पैसे चुकते करा.