ज्यात गॅस नाही त्यात गॅस भरणार? पेल्टियर मिनी फ्रिज, हिवाळा ते मे

सर्व्हिस सेंटरवाल्याने “गॅस संपलाय, भरावा लागेल” म्हणून पैसे मागितले आणि माझं डोकंच फिरलं. अहो, पेल्टियर फ्रिजमध्ये गॅस नसतोच, कॉम्प्रेसरही नसतो! आत असते ४ सेंटिमीटरची चौकोनी सिरॅमिक प्लेट, तिच्यात बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाच्या तुकड्यांच्या १२७ जोड्या. डीसी करंट दिला की एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला जाते. झालं.

मग घरीच मागचं झाकण काढलं. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, फटी धुळीने बुजलेल्या, पंखा कुरकुरत कसाबसा फिरणारा, प्लेट आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. या फ्रिजचा सगळा जीव त्या पंख्यात आहे. आतून उपसलेली उष्णता आणि वर ६० वॅट विजेची उष्णता, दोन्ही त्यानेच बाहेर टाकायची. तो दमला की जेमतेम ४ मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधून उष्णता परत आत शिरते. पंखा बदलला, नवी पेस्ट लावली, गारवा परत आला. प्लेट ठणठणीत होती!

तिच्या वायरी सोडवल्यावर सहज मल्टीमीटर लावला, तर एक व्होल्टच्या आसपास दाखवत होता. फ्रिज तर प्लगमधून आधीच काढला होता. एक बाजू अजून गरम, दुसरी गार, तेवढ्यावर प्लेट वीज बनवत होती. हा झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये नोंदवलेला परिणाम. वीज देऊन उष्णता हलवण्याचा पेल्टियर या शास्त्रज्ञाचा उलटा शोध १८३४ चा. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर अवकाशयानं प्लुटोनियमच्या उष्णतेतून अशीच वीज घेतात. मला फार आनंद झाला.

तरीही हिवाळ्यात मनातल्या मनात दिलेले पाच तारे आता तीनवर आणतोय. हा फ्रिज खोलीपेक्षा साधारण २० अंशच खाली जातो. जानेवारीत आत ५ अंश मिळायचे; आमच्या चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीतच ४० असतात, तेव्हा आत २०. बाबांच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या पेनला २ ते ८ अंश लागतात, म्हणून तो साठा मोठ्या फ्रिजमध्ये हलवला. इथे फक्त चालू पेन.

बिलाचंही बघा. दिवसभर चालू ठेवला तर जवळपास दीड युनिट जातं. चांगला सिंगल डोअर फ्रिज त्याच्या निम्म्यात भागवतो.

घ्यायचाच असेल तर पंखा सुटा मिळतो का, तो साध्या स्क्रूने निघतो का, हे दुकानातच विचारा. गॅसच्या नावाखाली पैसे मागितल्याची तक्रार मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे.