कपिंगच्या काळ्या डागांचा हिशेब

कपिंग म्हणजे कातडीवर कप लावून त्यातील हवा खेचण्याचा उपचार. त्यातून माझ्या पाठीवर उमटलेल्या एका काळ्याजांभळ्या डागाला घाबरून मी पंधरा हजार रुपये भरले. असे डाग दाखवून पैसे उकळण्याचा उद्योग नागपुरात माझ्या एकटीच्याच वाट्याला आला असेल असे मला वाटत नाही, म्हणून हा अनुभव तपशिलासह लिहीत आहे.

मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पेपर तपासण्याच्या दिवसांत मान आणि डावा खांदा इतका आखडतो की रात्री कूस बदलणेही नकोसे होते. गेल्या हिवाळ्यात रेशीमबाग मैदानावरील गृहोपयोगी वस्तूंच्या एका प्रदर्शनात मुलीसोबत फिरत असताना ‘कपिंग थेरपी, मोफत तपासणी’ असा फलक दिसला. त्यावर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील जलतरणपटू मायकेल फेल्प्सचे, खांद्यावर गोल डाग असलेले छायाचित्र होते. पांढरा कोट घातलेला एक तरुण म्हणाला, “काकू, बसा न. दोन मिनिटं लागते, पैसे नाही घेत.” कोणती बाजू दुखते हे त्याने आधी विचारून घेतले. मग मानेखाली दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा एकेक कप लावून हातपंपाने त्यातील हवा खेचली आणि थोड्या वेळाने कप काढून मुलीच्या फोनवर मला माझीच पाठ दाखवली. उजवीकडे फिकट गुलाबी वर्तुळ होते आणि डावीकडे जवळजवळ काळे. “पाहून घ्या काकू, डावीकडं किती टॉक्सिन जमा होऊन राहिलं. उजवी बाजू पाहा, एकदम साफ.”

दुखणारी बाजूच काळी पडली, यापेक्षा वेगळा पुरावा त्या क्षणी मला हवासा वाटला नाही. ‘एवढे विष अंगात ठेवले तर पुढे अर्धांगवायू होऊ शकतो’ हे वाक्य त्याने अगदी सहज, बोलता बोलता टाकले. सोळा बैठकांचे एकोणीस हजार दोनशे रुपये होतात, परंतु आज भरल्यास पंधरा हजार, आणि त्यात नवरा-बायको दोघांनाही बैठका घेता येतील, असे ठरले. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात गेले. पावतीवर फक्त ‘वेलनेस सदस्यत्व, रक्कम परत मिळणार नाही’ एवढेच छापलेले होते. ती पावती मी घरी येऊन वाचली, हा माझा दोष मी नाकारत नाही.

पहिली बैठक मानेवाडा रिंग रोडवरील त्यांच्या केंद्रात झाली. तेल लावून आठ कप पाठीवर ठेवले गेले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या रात्री मला छान झोप लागली. कपातील निर्वात ओढीने त्वचा व तिच्याखालचा मांसल भाग वर उचलला जातो, त्या जागी रक्त येऊन उबदार वाटते, आणि चाळीस मिनिटे फोनशिवाय पालथे पडून राहण्याचाही काही परिणाम असतोच. मान व पाठीच्या जुनाट दुखण्यात कपिंगमुळे काही काळ आराम मिळाल्याचे काही अभ्यासांतून दिसते. मात्र ते बहुतेक अभ्यास लहान आहेत, आणि कप लावले की नाही हे रुग्णापासून लपवता येत नसल्याने त्या आरामात मनाच्या समजुतीचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. तेव्हा माझा राग पद्धतीवर नाही. आपल्याकडे तुंबडी लावण्याची रीत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी दुधी भोपळ्याचा कप सांगितला आहे, आणि युनानी वैद्यकात हिजामा या नावाने हीच क्रिया शिकवली जाते. आर्वीच्या माझ्या सासूबाईंनी लहानपणी शिंगाची तुंबडी लावून घेतली होती. माझा किस्सा ऐकून त्या म्हणाल्या, “अगं, आमच्या वेळचा तुंबडीवाला मूठभर ज्वारीत काम करून जायचा, तुझ्या ह्यानं तर स्वतःचीच तुंबडी भरून घेतली.”

दुसऱ्या बैठकीत ‘आता विष बाहेर काढू’ म्हणून पाठीवर बारीक चिरा देऊन कप लावले गेले. कप काढल्यावर त्यात जमलेला, जेलीसारखा थरथरणारा गडद लाल गोळा त्या तरुणाने टिश्यू पेपरवर घेऊन माझ्यासमोर धरला आणि म्हणाला की हेच ते घाण रक्त, चांगले रक्त असे गोठत नाही. नेमके उलटे आहे. शरीराबाहेर आलेले निरोगी रक्त काही मिनिटांत गोठतेच, आणि ते गोठले नाही तर काळजी करायची असते. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत साध्या नळीत ठेवलेल्या रक्ताचाही असाच गोळा होतो आणि वरच्या पिवळसर द्रवावर पुढील चाचण्या केल्या जातात. गडद रंगाचेही तेच, कारण ऑक्सिजन कमी झालेले रक्त काळपट दिसते. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, पाठीच्या कातडीखाली त्यांची कोठारे नसतात. हे सगळे मी नंतर वाचून समजून घेतले. त्या दिवशी मात्र तो गोळा पाहून मला किळस आली, आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे थोडे समाधानही वाटले.

खरा प्रसंग पुढच्या आठवड्यात घडला. बैठका दोघांच्या असल्यामुळे माझे यजमानही गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली असून ते रोज क्लोपिडोग्रेल आणि अॅस्पिरिन घेतात, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत यासाठीच त्यांची औषधे आहेत. केंद्रात कोणीही कोणती गोळी चालू आहे, साखर किती आहे, हिमोग्लोबिन किती आहे, याची विचारणा केली नाही. ज्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे इतके रुग्ण आहेत तिथे रक्त काढण्यापूर्वी तो प्रश्नही विचारला जात नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. आम्हीही आपणहून काही सांगितले नाही, कारण आमच्या मनात हा मालिशचाच एक प्रकार होता. घरी आल्यावर पट्टीखालून रक्त येत राहिले, बनियन भिजली, आणि रात्री साडेनऊला आम्ही धंतोलीतील एका रुग्णालयात पोहोचलो. तिथे घट्ट दाबपट्टी बांधून तासाभराने रक्त थांबले. डॉक्टरांनी गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, असे बजावले आणि चिरा देण्याची पाती निर्जंतुक होती का, हातमोजे घातले होते का, असे विचारले. काविळीच्या बी आणि सी विषाणूंचा संसर्ग रक्तातून पसरतो, हे ठाऊक असूनही मला दोन्ही प्रश्नांची खात्रीने उत्तरे देता आली नाहीत. कपांचा संच मात्र एका बादलीत पाण्यात बुडवून ठेवलेला मी पाहिला होता.

त्या रात्रीनंतर माझ्यातील गणिताची शिक्षिका जागी झाली. ऑनलाइन मिळणारा कपांचा साधा संच मागवला आणि माझ्या धडधाकट, कबड्डी खेळणाऱ्या मुलाच्या दोन्ही मांड्यांवर एकेक कप लावला. उजव्या मांडीवर पंपाचे दोन हिसके दिले, डावीकडे सहा, आणि दोन्ही कप पाच मिनिटांनी एकाच वेळी काढले. उजवीकडे गुलाबी वर्तुळ उमटले, डावीकडे वांग्याच्या रंगाचे. “आई, माझ्या एकाच मांडीत विष आहे का?” असे मुलाने विचारले. ओढ जास्त झाली की त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटून तिथे रक्त साकळते, हाच त्या काळेपणाचा अर्थ आहे. तो डाग पुढील आठ-दहा दिवसांत हिरवट आणि मग पिवळा होत गेला, कारण साकळलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होताना तसे रंग दिसतात. केंद्रात माझ्या पाठीवरचा पिवळा रंग दाखवून ‘विष उतरून राहिलं’ असे सांगण्यात आले होते.

मग मुलीला आठवले की प्रदर्शनातील ती मोफत तपासणी बाबांना दाखवण्यासाठी तिने फोनवर चित्रित केली होती. आम्ही चौघांनी ते चित्रण आवाज मोठा करून पाहिले. पंपाचा खटका स्पष्ट ऐकू येतो. उजव्या खांद्यावर दोन. डाव्यावर सात. शिवाय उजवा कप आधी काढला आहे.

ही तपासणी पाहणाऱ्याला एवढे करता येईल की दोन्ही बाजूंचे हिसके आणि मिनिटे मोजावीत, किंवा न दुखणाऱ्या बाजूला जास्त ओढ द्यायला सांगावी. रक्त काढणारी क्रिया करून घ्यायचीच असेल तर भिंतीवरच्या तीन दिवसांच्या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राकडे न पाहता नोंदणी क्रमांक मागावा. आयुर्वेद व युनानी पदवीधरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, आणि बी.यू.एम.एस. ही युनानी वैद्यकाची पदवी घेतलेले, हिजामा रीतसर शिकलेले डॉक्टर उपलब्ध आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, रक्तक्षय, गर्भारपण यांपैकी काहीही असल्यास ते विचारले जाण्याची वाट न पाहता सांगावे. आणि अर्धांगवायू, कर्करोग किंवा मधुमेह बरा करतो अशी जाहिरात दिसली तर तिचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार अशा जाहिरातींना मनाई आहे.

आमच्या तेरा बैठका शिल्लक होत्या. पैसे मागितल्यावर आधी पावतीवरील ओळ दाखवण्यात आली, नंतर फोन उचलणे बंद झाले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, तेव्हा केंद्राकडून सहा हजार रुपये परत करण्याची तयारी कळवण्यात आली, मात्र ‘आमची काहीही तक्रार नाही’ अशा मजकुरावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. मी सही केली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात रीतसर बिल न देणे हीही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. चित्रण, यूपीआयची नोंद, पावती आणि रुग्णालयाचे कागद जोडून मी तक्रार दाखल केली आहे, आणि केंद्रात रक्त काढले जाते याची लेखी माहिती महापालिकेच्या आरोग्य विभागाला वेगळी दिली आहे.

मानेसाठी आता फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम चालू आहेत. पेपरांचा गठ्ठा मांडीवर न घेता उतरत्या फळीवर ठेवून तपासते, दर अर्ध्या तासाने उठते. दुखणे पूर्ण गेलेले नाही, दहावीच्या सराव परीक्षेच्या आठवड्यात ते पुन्हा डोके वर काढते.