पोटुशी बाईची दाढ ठणकते, गावाकडून जायचं कुठं?

नणंदेला पाचवा लागला आणि त्याच आठवड्यात खालची दाढ ठणकायला लागली. सासूबाईंनी लवंग दिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाळंतपण होऊ दे, मंग काढजो." चौथ्या दिवशी गाल टम्म. मग आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावातून कुठंकुठं जाता येतं, याचा हिशेब मांडला.

आधी हक्काचं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात तपासण्या, औषधं, बाळंतपण, सिझर मोफत आहे. दाताचं नाव त्यात वेगळं घेतलेलं नाही, आणि घोळ तिथंच होतो. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत कोणालाच पैसे लागत नाहीत. "दाताचं यात येत नाही" असं कोणी म्हटलं म्हणून परत फिरू नका.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा दाताचा डॉक्टर नसतो. गोळी आणि चिठ्ठी मिळते. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात असला, तर दाढ काढणं, साधी भरणं, पू झाला असेल तर औषध, एवढं फुकटात होतं. आम्ही गेलो तेव्हा खुर्ची होती, डॉक्टरही होते, दात कोरायचं यंत्र चालवणारा हवेचा कॉम्प्रेसर बंद होता! औषधावर सूज उतरली, पण कीड तशीच राहिली. म्हणून जाण्याआधी आशाताईकडून विचारून घ्या, दाताचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात.

दाढ वाचवायची, म्हणजे रूट कॅनल करायचं असेल, तर माझं मत नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयाला, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात. हे वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं, त्यामुळे २०२३ ची ती सरसकट माफी इथं लागू नाही. फी भरावी लागते, पण खाजगीच्या मानानं किरकोळ. खरा खर्च फेऱ्यांचा. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तरी सकाळची पहिली गाडी, रांग, पुढची तारीख, असे दिवस जातात. शिकाऊ डॉक्टर वेळ घेतात, पण मोठे डॉक्टर मागे उभे असतात.

खाजगीत वेळ वाचतो. रूट कॅनल आणि वरची कॅप काही हजारांत जाते, म्हणजे पहिल्या लेकराचे मातृवंदना योजनेचे ५,००० तिथंच उडाले समजा. गाल सुजलाय, ताप आहे आणि सरकारीत डॉक्टर नाही, अशा वेळी मात्र पैशाकडे पाहू नका.

बाळंतपणापर्यंत थांबायचं कारण नाही. चौथा ते सहावा महिना खुर्चीत बसायला सोयीचा. पू, सूज असेल तर कोणत्याही महिन्यात जायचं. बधिर करायचं इंजेक्शन चालतं, गरज असली तर शिशाचा एप्रन घालून दाताचा एक्सरेही. धोका खरा असतो तो मेडिकल स्टोअरमधून मनानं आणलेल्या दुखण्याच्या गोळीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. आणि ठणका मारायला दाढेत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, धरायचा, हे तर आमच्याकडे सर्रास चालतं. त्यातला तंबाखू पोटातल्या लेकरापर्यंत जातो.

नणंदेचं रूट कॅनल सहाव्यात नागपूरला झालं, तीन फेऱ्यांत. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत नेलं होतं, त्यामुळे महिना, हिमोग्लोबिन, चालू गोळ्या पुन्हा सांगत बसावं लागलं नाही. खुर्चीत डाव्या कुशीवर थोडं कलून बसू द्या म्हणावं; पाठीवर सपाट झोपवलं की तिला गरगरायचं.