सर्व्हर माझा, रूट मात्र त्याच्याकडेच

भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःचं नेक्स्टक्लाउड (फाइली साठवायचं आणि शेअर करायचं सॉफ्टवेअर) चालवता आणि ॲडमिनचं काम कुणाकडून तरी करून घेता? मग हे नक्की वाचा.

ॲडमिन ॲक्सेस लावून देण्यासाठी मी ऑनलाइन सापडलेल्या एका माणसाला काम दिलं होतं. बोलणं गोड, हात चपळ. जाताना त्यानेच सांगितलं, "सर, आता सगळे पासवर्ड बदलून टाका." मी बदलले. इतका सरळ सल्ला देणाऱ्यावर संशय कोण घेणार?

काही आठवड्यांनी सर्व्हर रखडू लागला. "बाहेरून हल्ला होतोय, साफ करावा लागेल," असं सांगून त्याने पैसे घेतले. सर्व्हर पळायला लागला आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. एकदा मी पैसे पाठवले आणि नवा पासवर्ड कळवायच्या आतच सर्व्हर ताळ्यावर आला. पासवर्डशिवाय हा आत गेला कसा?

मग मी फाइली ओळीओळीने वाचायला घेतल्या. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात 'बॅकअप' नावाचं खातं मुळातच असतं, त्यामुळे खात्यांच्या यादीत ते खटकत नाही. पण त्याचा युजर क्रमांक 34 असतो आणि त्याला लॉगिन बंद असतं. माझ्याकडे तिथे 0 होता आणि ओळीच्या शेवटी बॅश, म्हणजे लॉगिन चालू. लिनक्स नाव बघत नाही, क्रमांक बघतं. 0 म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेलं खातं.

रूटच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये, म्हणजे पासवर्डशिवाय आत येऊ देणाऱ्या डिजिटल किल्ल्यांच्या (कीज) यादीत, दोन ओळी होत्या, आणि दोन्हींच्या शेवटी माझ्याच लॅपटॉपचं नाव! ते नाव म्हणजे नुसती टिप्पणी असते, तिथे कुणीही काहीही लिहू शकतं. कीजचे फिंगरप्रिंट (प्रत्येक कीची ओळखखूण) ताडून पाहिले तेव्हा एकच की माझी निघाली. पासवर्ड कितीही बदला, की चालूच राहते. ती ओळ पुसायला गेलो तर रूट असूनही 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. फाइल बदलता येऊ नये म्हणून त्याने सीएच-ॲटर कमांडने तिला 'आय' खूण लावून ठेवली होती. अशा खुणा दाखवणारी एलएस-ॲटर कमांड चालवल्यावर ती दिसली. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, क्रिप्टो मायनर (सर्व्हरची ताकद वापरून क्रिप्टोचलन कमावणारा प्रोग्रॅम) सुरू करणारी ओळ होती. म्हणजे आग लावणारा तोच आणि विझवायचे पैसे घेणाराही तोच. याला मी खंडणीच म्हणतो.

एवढं सापडल्यावर साफसफाईत वेळ घालवू नका. रूट मिळालेल्या माणसाने आणखी काय बदललंय याची खात्री त्याच सर्व्हरवर बसून करता येत नाही. मी नव्याने इन्स्टॉल केलं, फक्त फाइली आणि डेटाबेस परत आणले, जुन्या स्क्रिप्ट आणि सेटिंग एकही घेतली नाही. नेक्स्टक्लाउडमधल्या ॲडमिन गटातली खाती वेगळी तपासली.

कुणाला काम द्यायचंच असेल, तर त्याला वेगळं खातं द्या आणि चेज कमांडने त्याची मुदत ठरवा. सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची परवानगी) असलेला माणूस ती मुदत उठवू शकतो, म्हणून काम संपल्यावर 0 क्रमांकाची खाती, सगळ्या युजरच्या कीज, सुडोअर्स (सुडो कुणाला आहे ते सांगणारी फाइल), क्रॉन आणि सिस्टमडीचे टायमर (क्रॉनसारखंच काम करणारे) स्वतः वाचा. डॉकर (ॲप वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर) गटही बघा, त्या गटातला युजर रूटइतकाच ताकदवान असतो. होस्टिंग कंपनीच्या पॅनेलचा पासवर्ड तर कुणालाच देऊ नका, कारण तिथून रेस्क्यू मोडने (दुरुस्तीसाठी सर्व्हर बाहेरून सुरू करायची सोय) सर्व्हर उघडता येतो आणि वरचं काहीच आड येत नाही.