रेडीमेड की मास्तरांकडून शिवलेला? ऑफिसच्या शर्टाचा नागपुरी हिशेब

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात फिरताना काचेमागचा शर्ट बघितला की मन लगेच हो म्हणतं. गांधीबागेत मात्र दुकानदार ताग्यातून कापड उलगडून समोर टाकतो, आणि ते आपल्या अंगावर कसं दिसेल हे आपल्यालाच डोळ्यांपुढे आणावं लागतं. पहिली नोकरी लागलेली मुलं आणि 'आता जरा नीटनेटकं राहायचं' असं ठरवलेली मोठी माणसं, दोघांचंही गाडं इथेच अडतं. मी दोन्ही प्रकार वर्षानुवर्षं वापरलेत. माझ्या मते याचा निर्णय तुमच्या खांद्यावर आहे, म्हणजे मास्तर ज्याला तिरा म्हणतात त्यावर.

रेडीमेड शर्टावरचा 39, 40, 42 हा आकडा सहसा कॉलरचा असतो, सेंटीमीटरमध्ये. छाती, पोट, बाही हे सगळं कंपनीने त्या कॉलरच्या अंदाजाने धरलेलं. म्हणून एका कंपनीचा 40 अंगाला चोख बसतो आणि दुसरीचा 40 घातला की पोटावरची बटणं ताणतात. दुकानात घालून बघताना आधी खांद्याची शिवण बघा. ती खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. दंडावर उतरली तर तो शर्ट कितीही आवडो, परत ठेवा. कंबर दोन्ही बाजूंनी दाबून घेता येते, बाही आखूड करता येते, पण तिरा कमी करायचा म्हणजे बाह्या उसवून पुन्हा बसवायच्या. त्याचे पैसे जातात आणि सफाईही येत नाही.

दुसरी परीक्षा आपल्या गावची. इथे ऑफिसला जाणारा बहुतेक माणूस दुचाकीवर. तेव्हा आरशासमोर हात सोडून उभं राहू नका. हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करा. कफ मनगटावरून सरकून अर्ध्या हातावर आला, पाठ आवळली, तर तो शर्ट रोज त्रास देणार. पाठीवर योकखाली, म्हणजे खांद्यामागच्या आडव्या पट्टीखाली, चुणी असलेला शर्ट इथे सुखाचा वाटतो. अंगाबरोबर बसणाऱ्या स्लिम फिटमध्ये ती बहुधा नसते.

ज्यांचे खांदे रुंद आणि कंबर बारीक, किंवा मान जाड आणि हात आखूड, त्यांनी सरळ शिवून घ्यावा. खर्चात मला फारसा फरक दिसला नाही. कापड आणि शिलाई मिळून मधल्या दर्जाच्या ब्रँडेड शर्टाच्या आसपासच जातं. पूर्ण बाहीच्या शर्टाला 36 इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) सव्वादोन ते अडीच मीटर किंवा 58 इंच पन्ह्याचं साधारण 1.6 मीटर कापड लागतं. उंच किंवा स्थूल असाल तर मास्तरांना विचारूनच कापड फाडायला सांगा.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. छान सुती कापड घेतलं आणि तसंच शिवायला टाकलं. पहिल्या दिवशी शर्ट इतका सुरेख बसला होता की घरी सगळ्यांना दाखवला. दोन धुण्यांत बाह्या मनगटाच्या वर गेल्या आणि कॉलरचं बटण लागेना. शिवणाऱ्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तेव्हापासून सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच देतो.

शिवून घेण्याचा खरा आनंद कॉलरमध्ये आहे. चेहरा गोल असेल तर थोडी लांब टोकांची, जवळ मिटणारी कॉलर शोभते. चेहरा उभट असेल तर पसरट. मान आखूड असेल तर कॉलरची पट्टी अर्धा सेंटीमीटर कमी ठेवायला सांगा, चेहरा मोकळा दिसतो. रेडीमेडमध्ये ही मुभा नाही. तिथली चिकटवलेल्या बकरमची, म्हणजे आतल्या कडक अस्तराची, कॉलर दिसते मात्र कडक आणि गुळगुळीत. हलक्या प्रतीच्या शर्टात काही धुण्यांनंतर तिला फुगे येतात. चांगल्या मास्तरांनी शिवलेली कॉलर झिजली तर उलटवून घेता येते. माझा एक पांढरा शर्ट असाच अजून वापरात आहे.

कापडाचं म्हणाल तर मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा बारीक विणीचं सुती पॉपलिन किंवा लिनन, दुसरं काही नाही. लिननला सुरकुत्या पडतात, त्या ज्याला खपतात त्यानेच ते घ्यावं. पॉलिस्टर मिसळलेलं कापड इस्त्री कमी मागतं, पावसाळ्यात लवकर वाळतं, पण उन्हात अंगाला चिकटतं. रंगांत फिकट राखाडी आणि आकाशी यांवर घामाचे डाग ठळक उमटतात, पांढऱ्यावर कमी. ज्यांना गडद रंग शोभतात त्यांनी नेव्ही ब्लू घ्यावा, त्यावरही घाम फारसा दिसत नाही.

वेळेचा मुद्दा राहिला. दिवाळी आणि लग्नसराईत मास्तर दिलेली तारीख पाळतीलच असं नाही. मुलाखत येत्या आठवड्यात असेल तर शिवायच्या भानगडीत पडू नका. तिऱ्यात बसणारा पांढरा रेडीमेड घ्या, कंबर दाबून घ्या आणि मुलाखतीच्या आधी एकदा धुऊन इस्त्री करा. नोकरी लागली की मग निवांत गांधीबागेत जा, आणि जाताना तुम्हाला सगळ्यात चांगला बसणारा जुना शर्ट पिशवीत न्या. तो समोर ठेवला की मास्तरांना अर्धी मापं सांगावीच लागत नाहीत.